बांधावरील देशी फुलझाडे

बांधावरील देशी फुलझाडे : मधमाश्या, भुंगे, फुलपाखरे इ. परागवाहक कीटकांना शेतीच्या पट्ट्यात पुन्हा चारा व निवारा मिळावा म्हणून बांध, कुंपण, ओढ्याकाठ आणि पडीक तुकड्यांवर लावलेल्या किंवा मुद्दाम राखलेल्या स्थानिक वनस्पती. येथील विवेचन दख्खन पठारापुरते आहे.

‘देशी’ कोणती वनस्पती म्हणावी, याबद्दल एकमत नाही. चिंचेचे उदाहरण बोलके आहे. अरबीतील ‘तमर हिंदी’ (हिंदुस्थानचा खजूर) या नावावरून ती येथलीच मानली जाई आणि स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यानेही 1753 मध्ये तिला ‘इंडिका’ हेच जातिनाम दिले. बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र तिचे मूळ उष्णकटिबंधीय आफ्रिकेत मानतात. उत्तर प्रदेशातील नरहन येथे चिंचेच्या लाकडाचा कोळसा मिळाला असून त्याचा काळ साधारणपणे इ. स. पू. 1300 च्या आसपासचा धरतात. ती येथे केव्हा आली, हे यावरून ठरत नाही. पण येथल्या माश्यांचा तिच्याशी असलेला संबंध फार जुना, हे नक्की. इतक्या जुन्या रहिवाशाला परके मानून बांधावरून काढणे रास्त वाटत नाही. घाणेरीची गोष्ट वेगळी. तिच्यावर फुलपाखरे येतात, पण ती इतर झुडपांना जागा ठेवत नाही. मूळ अमेरिकेचा दगडीपाला वर्षभर फुलतो व माश्यांना उपयोगी पडतो. तो असू द्यावा, मुद्दाम लावू नये.

निवडीची खरी कसोटी फुलोऱ्याचे वेळापत्रक ही होय. करडई किंवा सूर्यफूल काही आठवडे फुलते; त्यानंतर रानात फूल नसेल तर माशी टिकत नाही. फाल्गुन-चैत्रात करवंद, जांभूळ व कडुनिंब, वैशाखाच्या सुमारास करंज, पावसाळ्यात निर्गुडी, तेरडा व कुर्डू, भाद्रपद-आश्विनात बोर व हिवर अशी साखळी जुळवता येते. झाडाचा वसवा (पिकाला बाधणारी सावली) पिकावर पडतो ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे. म्हणून मोठी झाडे मोजकी ठेवून झुडपांवर भर द्यावा. निर्गुडी व तरवड यांना गुरे सहसा तोंड लावत नाहीत.

तरवडाचे महत्त्व विशेष आहे. याच्या फुलात मकरंद नसतो. कीटक येतो तो परागासाठीच आणि पराग परागकोशाच्या टोकाच्या छिद्रांतूनच बाहेर पडतो. सुतार भुंगा परागकोश पायांनी कवटाळून छातीचे स्नायू थरथरवतो. क्षणभर चढी गुणगुण ऐकू येते आणि पिवळी भुकटी त्याच्या पोटाला चिकटते. वांग्याचे परागकोशही असेच असतात. सातेरी माशीला (देशी मधमाशी) हे कंपन साधत नाही. त्यामुळे वांग्याच्या रानाजवळ तरवड असणे मोलाचे. हा भुंगा वाळक्या लाकडात, बांबूत घर करतो. एखादी वठलेली फांदी तशीच राहू द्यावी.

फुलपाखरांच्या अळ्यांसाठी रुई राखतात.

एकांडी राहणाऱ्या बहुतेक माश्या जमिनीत बिळे करतात. नांगर न लागलेला, उन्हात तापणारा उघडा मातीचा बांध त्यांना लागतो. म्हणून सगळा बांध झाडांनी भरू नये, तो कोरू नये आणि उन्हाळ्यात पेटवू नये.