गिरण्या खरंच दत्ता सामंतांनी बंद पाडल्या?

मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या भागाचा, म्हणजे गिरणगावाचा, विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "सामंतांनी संप केला आणि गिरण्या बुडवल्या." तारखा वेगळंच सांगतात.

कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा हा संप सुरू झाला 18 जानेवारी 1982 ला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पण आजारी गिरण्या ताब्यात घेण्याचा कायदा केंद्राने 1974 मध्येच केला होता, आणि त्यात मुंबईतल्या गिरण्याही होत्या. म्हणजे दुखणं जुनंच. अनेक मालकांनी यंत्रं बदलली नव्हती. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग स्वस्तात कापड काढत होते.

कामगार सामंतांकडे गेले तेही काही डोकं फिरलं म्हणून नव्हे. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे वाटाघाटीचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघ या एकाच मान्यताप्राप्त संघटनेकडे होता, मग कामगारांचा त्यावर विश्वास असो वा नसो. पगारवाढ आणि बदली कामगारांना (गैरहजर कामगारांच्या जागी लागेल तेव्हा बोलावले जाणाऱ्यांना) कायम करणं याबरोबरच हा कायदा हटवा, हीही मागणी होती. सरकार बधलं नाही.

संपाने नुकसान झालं, हे नाकारण्यात अर्थ नाही. लाखभर नोकऱ्या गेल्या. तरी बऱ्याच गिरण्या नंतर कमी माणसांवर पुन्हा चालल्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट उघडली. महापालिका, म्हाडा (सरकारचं गृहनिर्माण मंडळ) आणि मालक अशी जमिनीची वाटणी होती. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जागेपुरती उरली. परळच्या टॉवरांचा हिशेब मांडायचा तर तो इथून मांडावा लागतो. सामंतांचा तर 1997 मध्येच खून झाला होता.