लेबल प्रिंटर घेण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडे लेबल प्रिंटरची चौकशी बहुधा किमतीपासून सुरू होते. आमची विनंती अशी की, त्याआधी आपले लेबल कशावर चिकटणार आहे, ते किती दिवस वाचता आले पाहिजे आणि तोवर त्याला ऊन, तेल, ओल यांपैकी काय सोसावे लागणार आहे, हे आम्हाला सांगावे. कारण प्रिंटर एकदाच घ्यायचा असतो, लेबलचे रोल आणि रिबन (छपाईच्या रंगाचा थर असलेली पट्टी) यांचा खर्च मात्र कायम चालू राहतो.

डायरेक्ट थर्मल प्रिंटरला रिबन लागत नाही. तापणारे हेड आणि उष्णतेने काळा पडणारा कागद एवढ्यावर काम भागते. पार्सलवरचे 100 बाय 150 मिलिमीटरचे लेबल माल पोहोचला की निरुपयोगी होते, त्यामुळे केवळ कुरिअरने माल पाठवणाऱ्यांनी याहून महाग यंत्राच्या मागे लागू नये. हेच लेबल लोणच्याच्या बरणीवर लावल्यास तेलाने आणि उन्हाने अक्षरे विटतात आणि एमआरपी, पॅकिंगचा महिना असा कायद्याने बंधनकारक असलेला मजकूरच वाचता येईनासा होतो.

अशा मालासाठी थर्मल ट्रान्सफर प्रिंटर घ्यावा. त्यात रिबनवरचा थर हेडच्या उष्णतेने लेबलवर उतरतो. साध्या क्रोमो (गुळगुळीत लेप दिलेल्या) कागदाला वॅक्स म्हणजे मेणाच्या थराची रिबन पुरते, प्लास्टिकच्या लेबलला वॅक्स-रेझिन म्हणजे मेण आणि राळ यांच्या मिश्रणाची लागते आणि रसायने किंवा घर्षण सोसणाऱ्या पॉलिस्टर लेबलला रेझिनच हवे. तासगाव परिसरातील बेदाण्याची खोकी शीतगृहातून बाहेर काढली की त्यांवर दव धरते. तिथे कागदी लेबल भिजून सुटते, म्हणून प्लास्टिकचे आणि थंडीत टिकणाऱ्या गोंदाचे लेबल, तेही खोके शीतगृहात जाण्याआधी कोरड्या पृष्ठभागावर लावलेले असावे. रिबन लेबलपेक्षा किंचित रुंद घ्यावी, म्हणजे लेबलची कड हेडला घासत नाही.

छपाईची बारकाई डीपीआयमध्ये, म्हणजे इंचाला किती ठिपके यात मोजतात; 203 डीपीआय म्हणजे मिलिमीटरला 8 ठिपके. दुकानी मालावरच्या तेरा अंकी बारकोडची सर्वांत बारीक रेघ 0.264 मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. दोन ठिपक्यांची रेघ 0.25 भरते, म्हणून तीन ठिपके घ्यावे लागतात आणि दोन्ही बाजूंच्या कोऱ्या जागेसह बारकोड सुमारे 42 मिलिमीटर रुंद होतो. 50 मिलिमीटरच्या लेबलवर तो आरामात बसतो, 40 च्या लेबलवर बसत नाही. 300 डीपीआयवर चार ठिपक्यांत तोच बारकोड साधारण 38 मिलिमीटरमध्ये मावतो. लेबल लहान असेल तरच 300 डीपीआयच्या जादा खर्चाला अर्थ आहे. मोठ्या लेबलसाठी तो आम्ही सुचवत नाही.

मराठी मजकूर छापायचा असल्यास प्रिंटरमधील फॉन्टवर विसंबू नये, त्यात जोडाक्षरे अनेकदा फुटतात. संगणकावरून मजकूर चित्ररूपाने पाठवल्यास ही अडचण येत नाही, मात्र बारीक अक्षरांतील मात्रा आणि रफार 203 डीपीआयवर एकमेकांत मिसळून अस्पष्ट होतात.

टेबलावरच्या लहान प्रिंटरमध्ये सहसा एक इंची कोअरचे (रोलच्या मधल्या पोकळ नळीचे) रोल बसतात, कारखान्यातील मोठ्या यंत्रांना तीन इंची लागतात. रोल मागवताना हे जरूर कळवावे. हेड ही झिजणारी वस्तू आहे आणि तिची वॉरंटी बहुधा यंत्रापेक्षा वेगळी असते, तेव्हा रिबन किंवा रोल बदलताना प्रिंटर बंद करून, हेड थंड झाल्यावर ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे.

प्रात्यक्षिकासाठी येताना आपली रिकामी बरणी किंवा खोके सोबत आणावे, त्यावर लावलेले लेबल ओल्या आणि तेलकट बोटाने घासून पाहावे आणि मगच मागणी नोंदवावी.