इकोच्या रिपोर्टमध्ये ‘एएसडी’ लिहिलंय? आधी हे वाचा

नाशिक शहरातून, सिन्नर-दिंडोरीकडून आमच्याकडे टूडी इकोला (हृदयाच्या सोनोग्राफीला) येणाऱ्या बऱ्याच पालकांच्या हातात शाळेच्या आरोग्य तपासणीची चिठ्ठी असते: छातीत ‘मर्मर’ (ठोक्यांसोबतचा जादा आवाज) ऐकू येते. मग काहींच्या इकोत एएसडी निघतो, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र. पोर तर धावतंय, खातंय, मग छिद्र कुठून आलं? ते जन्मापासूनच असतं. बालपणी बहुधा त्रास होत नाही, म्हणूनच ते नजरेतून सुटतं. काहींना वारंवार छातीत कफ होतो, एवढंच.

होतं असं, की डाव्या वरच्या कप्प्यातलं शुद्ध रक्त छिद्रातून उजवीकडे येतं आणि पुन्हा फुफ्फुसांत जातं. हा जादा भार ओढून उजवी बाजू फुगते. दम लागणं, धडधड, ठोके अनियमित होणं हे पुष्कळदा तिशी-चाळिशीत सुरू होतं.

रिपोर्टमध्ये ‘ओएस एएसडी, १४ मिमी, एल टू आर शंट, आरए-आरव्ही डायलेटेड’ असं काहीसं असतं; म्हणजे पडद्याच्या मधल्या भागात (‘ओएस’) १४ मिमीचं छिद्र, रक्त डावीकडून उजवीकडे जातंय आणि उजवे दोन्ही कप्पे फुगलेत. घरचे सगळे १४ या आकड्यावर अडकतात. डॉक्टर मात्र उजवी बाजू फुगली आहे का, छिद्राभोवती पुरेशी कड आहे का आणि फुफ्फुसांतला दाब किती, हेही बघतात. दाब फार वाढलेला असेल तर छिद्र बंद करणंच धोक्याचं ठरतं.

तान्ह्या बाळाचं ५ मिमीपेक्षा लहान छिद्र पुष्कळदा आपोआप बुजतं. तिथे फक्त ठरल्या वेळी पुन्हा इको. औषधाने छिद्र बुजत नाही; कोणी तसं सांगितलं तर पैसे घालवू नका. ‘ओएस’ प्रकारात कड चांगली असेल तर जांघेतल्या शिरेतून निटिनॉल या लवचीक मिश्रधातूच्या तारेची, छिद्र झाकणारी ‘छत्री’ बसवतात, छाती उघडावी लागत नाही. त्यानंतर साधारण सहा महिने रक्त पातळ ठेवणारी गोळी असते; या काळात दाताचं काम निघालं तर दंतवैद्याला छत्रीबद्दल जरूर सांगा. प्रायमम आणि सायनस व्हेनोसस या, पडद्यात दुसऱ्या जागी छिद्र असलेल्या प्रकारांत सहसा शस्त्रक्रियाच लागते. तिचं नाव काढताच लोक घाबरतात, पण ती नवखी नाही: हार्ट-लंग मशीनवरची (शस्त्रक्रियेपुरतं हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं यंत्र) पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९५३ साली याच छिद्रावर झाली.

खर्चासाठी १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आधार आहे. महात्मा फुले योजनेबद्दल योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड, आधार सोबत ठेवा.

साध्या इकोला उपाशी यायची गरज नाही. बाळ रडलं की चित्र हलतं, तेव्हा त्याच्या झोपेची वेळ धरून या, दूध सोबत आणा. जुने रिपोर्ट आणि ईसीजीच्या पट्ट्याही आणा, कितीही चुरगळलेल्या असल्या तरी चालतील.