वडशाच्या खटल्यापासून : न्यायाधीश कोण, आणि साक्ष कशी वाचली जाते

वडसा-देसाईगंज आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९७२ साली ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं. २६ मार्चच्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात चौदा ते सोळा वर्षांच्या एका आदिवासी मुलीवर एका पोलिसानं बलात्कार केला आणि दुसऱ्यानं विनयभंग केला, अशी तक्रार झाली. न्यायाधीशाचं लिंग, जात, वर्ग निकालात उतरतात का, हा प्रश्न देशात जाहीरपणे विचारला गेला तो मुख्यतः या खटल्यामुळे.

१९७४ मध्ये चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं दोघांनाही सोडलं. मुलीला शरीरसंबंधांची सवय होती आणि ती खोटं बोलते, हा त्याचा आधार. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं निकाल फिरवला: भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. एकाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा झाली. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा दोघांना निर्दोष ठरवलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणून जबरदस्ती नाही, असा तर्क होता.

पुरावा तिन्ही ठिकाणी तोच. मुंबई उच्च न्यायालयात १९७६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयात १९७८ मध्ये एकही स्त्री न्यायाधीश नव्हती. तरीही नागपूरच्या पुरुष न्यायाधीशांना जे दिसलं, ते दिल्लीत दिसलं नाही. रात्रीच्या वेळी, नातेवाईक बाहेर थांबलेले असताना, ठाण्यातल्या पोलिसाला ही मुलगी नकार देऊ शकत होती का, हा प्रश्न एका न्यायालयानं विचारला आणि दुसऱ्यानं विचारला नाही. मूळ फरक इथेच आहे, आणि पुढची सगळी चर्चा याच कसोटीवर तपासायला हवी.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर मोर्चे निघाले. १९८३ च्या दुरुस्तीनं पुरावा कायद्यात कलम ११४-अ आलं: कोठडीत शरीरसंबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि स्त्रीनं संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयानं संमती नव्हती असंच धरायचं. आज हीच तरतूद, पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२० मध्ये आहे. तिनं न्यायाधीशाचा स्वभाव बदलला नाही. त्याच्या गृहीतकाच्या जागी कायद्याचं गृहीतक आणलं.

मग न्यायालयात स्त्रिया आल्या की काम झालं का? तसं झालेलं नाही. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठानं निकाल दिला की, त्वचेचा त्वचेशी संपर्क नसेल तर पोक्सोखालचा (लहान मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) लैंगिक हल्ला होत नाही. तो निकाल देणाऱ्या न्यायाधीश स्त्रीच होत्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला.

आकडेवारीही असंच काही सांगते. २०१० ते २०१८ दरम्यानच्या ५० लाखांहून अधिक फौजदारी खटल्यांच्या एका अभ्यासात, न्यायाधीश आणि आरोपी एकाच लिंगाचे वा धर्माचे असले म्हणून निकालात फरक पडल्याचं आढळलं नाही. थोडा फरक दिसला तो दोघांचं आडनाव एकच आणि विरळा असलं तरच. पण अशा मोजमापाला एक मोठी मर्यादा आहे. त्यात न्यायाधीशांमधली तफावत मोजली जाते. सगळ्याच न्यायाधीशांच्या मनात एकच समज असेल, तर तफावत शून्य येते आणि अन्याय मात्र तसाच राहतो. विविधता हवी ती यासाठी: निकालपत्राच्या मसुद्यावर ‘हे कशावरून?’ असं विचारणारं कुणीतरी बाकावर असावं.

जातीच्या बाबतीत खैरलांजी समोर आहे. तिथल्या एका दलित कुटुंबाच्या २००६ च्या हत्याकांडात भंडाऱ्याच्या न्यायालयानं २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं ती २५ वर्षांच्या कारावासावर आणली. अॅट्रॉसिटी कायदा मात्र दोन्ही न्यायालयांनी लागू धरला नाही. हा जातीवरून झालेला गुन्हा नव्हे, सूड होता, असं मानलं. तेव्हा कलम ३(२)(५) मध्ये गुन्हा पीडिताच्या जातीच्या कारणावरून झाला, हे सिद्ध करावं लागे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पीडिताची जात माहीत असताना गुन्हा केला, एवढं पुरतं.

ग्रामीण विदर्भात पूर्वग्रह सर्वात सहज शिरतो तो साक्ष नोंदवताना. साक्षीदार माडिया, गोंडी किंवा कोरकूत बोलतो, दुभाषी मराठीत सांगतो, न्यायाधीश त्याचं सलग निवेदन करून स्टेनोला सांगतात. ‘मी घाबरले’ याचं ‘मी गप्प राहिले’ व्हायला एवढा प्रवास पुरतो. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणारा कायदा) कलम ३१५ नुसार साक्षीदाराच्या वागण्याबद्दल न्यायाधीश शेरा लिहू शकतात. खाली पाहणं, उशिरा उत्तर देणं हे गावात मोठ्यांसमोरचं साधं वागणं आहे. त्या मुलखाची ओळख नसलेल्या न्यायाधीशाला तीच टाळाटाळ वाटू शकते.

उपाय कायद्यातच आहे. याच संहितेच्या कलम ३१२ नुसार साक्ष शक्य असेल तर साक्षीदाराच्या भाषेतच उतरवता येते. कलम ३१३ नुसार ती त्याला वाचून दाखवायची, आणि लेखी नोंद त्याच्या भाषेत नसेल तर त्याला समजणाऱ्या भाषेत समजावून सांगायची. चूक दिसली तर न्यायाधीश ती सुधारतात, किंवा साक्षीदाराची हरकत टिपून ठेवतात. घाईत हीच पायरी गाळली जाते. त्यामुळे सरकारी वकिलानं साक्ष संपताच, साक्षीदार उठण्याआधी, वाचनाची मागणी करावी आणि हरकत त्याच दिवशीच्या कागदावर आल्याची खात्री करून घ्यावी. अपिलात नागपूरचे न्यायाधीश साक्षीदाराला सहसा पाहत नाहीत. त्यांच्यासमोर हेच कागद येतात.