गढूळ नळी आणि जांभळा ठिपका : सिकलसेल तपासणीची पार्श्वभूमी

सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या आपल्या नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा शब्द आता नवा राहिलेला नाही. हा रक्ताचा आनुवंशिक आजार. तपासणी साधीच आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन ते छोट्या नळीतल्या द्रावणात सोडायचं, काही मिनिटं थांबायचं आणि नळी काळ्या रेघा ओढलेल्या कागदासमोर धरायची. पलीकडच्या रेघा स्वच्छ दिसल्या तर ठीक. नळी गढूळ होऊन रेघा हरवल्या, तर रक्त पुढच्या तपासणीला जातं. मूल ‘एएस’ म्हणजे वाहक (सिकलचं जनुक आई-वडिलांपैकी एकाकडूनच आलेलं) आहे की ‘एसएस’ म्हणजे रुग्ण (दोघांकडून आलेलं), हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासण्यांनंतरच कळतं.

ते गढूळपण म्हणजे हा आजारच, डोळ्यांसमोर दिसणारा. हिमोग्लोबिन म्हणजे तांबड्या पेशींतलं ऑक्सिजन वाहणारं प्रथिन. द्रावणातलं रसायन ऑक्सिजन काढून घेतं आणि सिकलच्या हिमोग्लोबिनचे रेणू विरघळलेले न राहता एकमेकांना चिकटतात. शरीरातही हेच होतं. चिकटलेल्या हिमोग्लोबिनच्या दोऱ्या तयार होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग हातपाय, पाठ, छाती असह्य दुखायला लागते. थंडी, अतिश्रम, कमी पाणी पिणं ही नेहमीची निमित्तं. पेठ-सुरगाण्याची माणसं द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे मजुरीला उतरतात आणि निफाडची थंडी कशी असते ते आपण जाणतोच. ‘कामचुकार आहे’ असं ज्याला म्हटलं जातं, त्या पोराचं रक्त तपासलेलं असतं का, हा प्रश्न मला पडतो.

शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी 1910 साली या विळ्यासारख्या पेशींची पहिली नोंद प्रसिद्ध केली. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की रुग्णाचं हिमोग्लोबिन विजेच्या प्रवाहात वेगळ्या गतीनं सरकतं, म्हणजे त्यावरचा विद्युतभारच वेगळा आहे. दोष थेट रेणूत होता. पण रेणूत नेमका कुठे?

त्याचं उत्तर केंब्रिजमध्ये मिळालं. तिथे 1947 साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं एक चिमुकलं युनिट सुरू केलं होतं. मॅक्स पेरुट्झ आणि जॉन केंड्र्यू, एवढीच सुरुवातीची माणसं. व्हिएन्नाहून आलेले पेरुट्झ 1937 पासून एकाच ध्यासात होते : हिमोग्लोबिनचे स्फटिक करायचे, त्यांवर क्ष-किरण सोडायचे आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून रेणूचा आकार शोधायचा. तो आकार हाती यायला 1959 उजाडलं. बावीस वर्षं! मधल्या काळात फ्रेडरिक सँगर यांनी केंब्रिजमध्येच इन्सुलिनवर काम करून दाखवलं होतं, की प्रथिन म्हणजे ठरलेल्या क्रमानं ओवलेली अमिनो आम्लांची माळ.

पेरुट्झ यांच्या युनिटमध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी सिकलचं हिमोग्लोबिन हाती घेतलं. अख्खी माळ वाचणं तेव्हा अशक्य होतं, म्हणून त्यांनी ट्रिप्सिन या पाचक द्रव्यानं तिचे लहान लहान तुकडे केले. ते ओल्या कागदावर ठेवून आधी विजेनं एका दिशेला पसरवले, मग कागदात द्रावक चढवून आडव्या दिशेला. रंग दिल्यावर कागदभर जांभळे ठिपके उमटले. निरोगी रक्ताचा कागद आणि रुग्णाचा कागद शेजारी ठेवले, तर सगळे ठिपके जागच्या जागी. फक्त एक सरकलेला. 1957 मध्ये त्यांनी कारण सांगितलं : ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. हिमोग्लोबिनच्या माळांपैकी बीटा साखळी या माळेत 146 मणी असतात, त्यातला सहावा मणी बदललेला. जनुकातला बदल म्हणजे प्रथिनातल्या एका मण्याचा बदल, हे माणसाच्या आजारात प्रथमच असं लख्ख दिसलं.

1962 मध्ये या युनिटला स्वतःची इमारत मिळाली, लॅबोरेटरी ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी. सँगरही तिथे आले. माणसं एकत्र बसून बोलली पाहिजेत हा पेरुट्झ यांचा आग्रह. संस्थेचं कँटीन त्यांच्या पत्नी गिझेला कित्येक वर्षं सांभाळत होत्या. त्याच वर्षी पेरुट्झ आणि केंड्र्यू यांना नोबेल मिळालं. 1977 मध्ये सँगर यांनी डीएनए वाचण्याची पद्धत दिली, ती इथूनच.

भारतातही 1962 मध्येच ओबेद सिद्दिकी यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मॉलिक्युलर बायॉलॉजीचा, म्हणजे रेणूंच्या पातळीवरच्या जीवशास्त्राचा, विभाग उभारला, आणि 1977 मध्ये हैदराबादचं सीसीएमबी (सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी) सुरू झालं. सिकलचं जनुक मात्र इथे फार जुनं. 1952 साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये त्याची नोंद झाली. जंगलपट्ट्यात ते का टिकलं, याचा धागा अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेत पकडला : वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. पिढ्यान् पिढ्या तापाशी झुंजलेल्या माणसांची ही खूण आहे, कुळाचा कलंक नाही. मुलीचा रिपोर्ट लपवणाऱ्या घरांना हे कुणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवं. लपवल्यानं धोका वाढतो, कारण वाहकाचं लग्न वाहकाशी झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल ‘एसएस’ असण्याची शक्यता चारात एक.

2023 च्या जुलैत केंद्रानं राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं, सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवून. त्याच वर्षअखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत सिकलसेलवरच्या जनुक-संपादनाच्या, म्हणजे पेशीतल्या जनुकातच बदल करण्याच्या, पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली. अमेरिकेतली त्याची किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांच्या घरात. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांचा आधार आजही दुखण्याचे झटके कमी करणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी हाच आहे. ती रोज घ्यावी लागते, अधूनमधून रक्त तपासत राहावं लागतं, आणि मजुरीसाठी महिनोन् महिने मळ्यावर राहणाऱ्या रुग्णाला ती तिथेच मिळावी लागते.