कागदावर लिहिलेला घुमारा

ब्रिटनमधले संगीत संचालक मँटोवानी यांच्या वाद्यवृंदाने १९५१ साली ‘शार्मेन’ ही धून ध्वनिमुद्रित केली. चाल जुनीच, संथ वॉल्ट्झची, म्हणजे तीन ठोक्यांच्या पाश्चात्त्य नृत्यलयीची. पण त्यातली व्हायोलिन्स कानावर पडली की आपण एखाद्या उंच घुमटाखाली उभे आहोत असं वाटतं. एका स्वरावर दुसरा ओघळतो, स्वरांच्या कडा विरघळतात, मन सैल होतं आणि बारीकशी हुरहूरही लागते. हा घुमारा यंत्रातून आलेला नाही. संगीत संयोजक रोनाल्ड बिंज यांनी तो चक्क स्वरलिपीत लिहून काढला होता.

मोठ्या दगडी वास्तूत गाणं थांबलं तरी स्वर लगेच विझत नाही. भिंती-छतावरून परतणाऱ्या असंख्य लहरी त्याला काही क्षण जागता ठेवतात. आवाजाची ऊर्जा दहा लाखाव्या हिश्श्यापर्यंत, म्हणजे ६० डेसिबलने, उतरायला लागणारा वेळ हे या घुमाऱ्याचं माप. चांगल्या संगीत सभागृहात तो साधारण दोन सेकंद भरतो.

बिंज यांनी व्हायोलिनवादकांचे गट पाडले. समजा, चाल सा-रे-ग-प अशी आहे. पहिल्या गटाने सा लावायचा आणि गज न उचलता धरून ठेवायचा. रे दुसऱ्या गटाचा, तोही रेंगाळणार. ग तिसऱ्याचा. पहिला गट सा सोडून प वर येतो, तेव्हा रे आणि ग अजून वाजतच असतात. पूर्ण चाल कुणा एकाच्या हातात नसतेच! ती जुळते ऐकणाऱ्याच्या कानात. मला यातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं.

मग हुरहूर कुठून येते? जवळच्या माणसाचा आवाज मुख्यतः थेट येतो, लांबच्या आवाजात परावर्तित लहरींचा वाटा मोठा असतो. आवाज किती दूरचा, हे मेंदू बऱ्याच अंशी या प्रमाणावरून ताडतो. त्यामुळे पुसट कडांचे स्वर त्याला लांबून आल्यासारखे भासतात, आणि लांबून येणाऱ्या सुरात हुरहूर असतेच. शिवाय टोकदार सुरुवातीचा आवाज आपल्याला सावध करतो. इथे प्रत्येक नवा स्वर आधीच्या स्वरांच्या आडून येतो, दचकवत नाही.

हेडफोन लावून एकाच गटामागे जायचा प्रयत्न करून पाहा. दोन-तीन स्वरांतच तो हातून निसटतो आणि कान पुन्हा चालीकडे वळतो.