म्हातारा कुत्रा गुरगुरतो तेव्हा

लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत घरात लॅब्रॅडॉरचं पिल्लू येतं आणि मूल होतं ते सात-आठ वर्षांनी. शहरातल्या घरांत हे गणित फार वेळा दिसतं. मूल रांगायला लागतं तेव्हा कुत्रा नऊ वर्षांचा असतो, पळायला लागतं तेव्हा दहा-अकरा. एकाच फरशीवर एकाचे पाय भक्कम होत असतात आणि दुसऱ्याचे थकत असतात. मग एक दिवस, इतक्या वर्षांत कुणावर आवाज न चढवलेला कुत्रा मुलावर गुरगुरतो आणि घरात निदान होतं, "याला बाळाचा मत्सर वाटतोय." बहुतेक वेळा मत्सराचा काही संबंध नसतो. कंबर दुखत असते, किंवा मागून आलेलं मूल ऐकूच आलेलं नसतं.

आधी वयाचा हिशोब. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हे सूत्र तोंडपाठ असलं तरी चुकीचं आहे. २०२० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी १०४ लॅब्रॅडॉर घेतले. वय वाढतं तशा डीएनएवर मिथाइल गटांच्या रासायनिक खुणा बदलत जातात. या कुत्र्यांच्या खुणा त्यांनी माणसांच्या खुणांशी ताडून पाहिल्या. त्यातून निघालेलं सूत्र असं: कुत्र्याच्या वयाचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या, १६ नं गुणा, ३१ मिळवा. दोन वर्षांचा कुत्रा मग बेचाळिशीत जातो, नऊ वर्षांचा सहासष्टीत आणि बारा वर्षांचा एकाहत्तरीच्या आसपास. सात पटीच्या हिशोबात हाच बारा वर्षांचा कुत्रा चौऱ्याऐंशीचा होतो आणि दोन वर्षांचा चौदाचा. सूत्र एकाच जातीवरून काढलेलं आहे, त्यामुळे ते सगळ्यांना लावू नये. ग्रेट डेन सात-आठ वर्षांतच म्हातारा होतो, तर छोटा स्पिट्झ दहाव्या वर्षीही टुणटुणीत असतो. पण आपल्या कामाचं एवढं की बाळ घरात आलं तेव्हाच लॅब्रॅडॉर आजोबांच्या वयाचा झालेला होता. त्याच्या अंगावरचे केस मात्र अजून चमकत असतात, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही.

आता ती गुरगुर जरा जवळून पाहू. दुपारचे तीन. कुत्रा हॉलमध्ये गार फरशीवर कुशीवर झोपलाय. दोन वर्षांचं मूल अनवाणी, हातात बिस्किट घेऊन, त्याच्या पाठीमागून येतं. म्हातारपणी कुत्र्याचे वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. दाराची बेल, नावाची हाक अजून ऐकू येत असते, त्यामुळे कानात काही बिघडलंय असं घरच्यांना वाटत नाही. अनवाणी पावलांची हलकी चाहूल मात्र त्याला लागत नाही. मूल जवळ येतं, तोल जातो आणि दोन्ही तळवे कुत्र्याच्या खुब्यावर टेकतात. त्या सांध्यातली कूर्चा झिजलेली असते, आतलं अस्तर सुजलेलं असतं. दुखणं महिनोन् महिने चाललं असेल तर मज्जासंस्थाच हळवी झालेली असते आणि एरवी नुसता स्पर्श वाटावा असा दाबही कळ म्हणून पोचतो. कुत्रा दचकून जागा होतो, मान वळवतो आणि गुरगुरतो.

तरुण कुत्र्यानं इथे काय केलं असतं? उठून दुसऱ्या खोलीत गेला असता. केंडल शेफर्ड या ब्रिटिश पशुवैद्य बाईंनी कुत्र्याच्या चिडण्याची एक शिडी मांडली आहे. खालच्या पायऱ्यांवर जांभई, पापण्यांची उघडझाप, नाक चाटणं. मग तोंड फिरवणं, अंग फिरवणं, उठून निघून जाणं. त्यावर कान मागे घेऊन, शेपूट पायात घालून अंग चोरणं. पुढे ताठरणं आणि रोखून पाहणं, मग गुरगुरणं, हवेत दात वाजवणं आणि शेवटी चावा. या शिडीच्या मधल्या पायऱ्यांना पाय लागतात. दुखऱ्या खुब्याच्या कुत्र्याला गुळगुळीत फरशीवरून उठायला तीन-चार सेकंद खटपट करावी लागते. मागचे पाय फाकतात, घसरतात, पुन्हा जमवावे लागतात. तोवर मूल अंगावर पडलेलं असतं. निघून जाण्याची सोय हिरावली गेली की कुत्र्याकडे फक्त तोंड उरतं. म्हणून म्हातारा कुत्रा पायऱ्या गाळून वर चढल्यासारखा दिसतो.

गुरगुरल्याबद्दल त्याला रट्टा देणं ही इथली सगळ्यात महाग चूक. दुखणं जागच्या जागी राहतं आणि इशारा देण्याची सवय तेवढी मोडते. पुढच्या वेळी तो न गुरगुरता चावतो आणि लोक म्हणतात, अचानक चावला. गुरगुर ऐकली की काही न बोलता मुलाला उचलायचं, कुत्र्याला जागा द्यायची आणि त्याच आठवड्यात सांधे, दात, कान तपासून घ्यायचे.

दुरुस्ती फरशीपासून सुरू होते. व्हिट्रिफाइड टाइल्स कुत्र्यासाठी बर्फासारख्या. अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत दीड-दोन फूट रुंद, खालून रबर असलेल्या पट्ट्या टाकायच्या. जुन्या योगा मॅट कापून टाकल्या तरी चालतात, फक्त कडा दुमडायला नकोत, नाहीतर मूल आणि कुत्रा दोघंही अडखळतात. साधी सतरंजी नको, ती कुत्र्यासकट घसरते. कुत्र्याच्या पायात घालायच्या मोज्यांचंही तेच. पंजाच्या गाद्यांमधले वाढलेले केस गाद्यांच्या पातळीला कापायचे. चालताना नखांचा टकटक आवाज येत असेल तर नखं वाढलेली आहेत आणि पंजाचा कोन बिघडून भार चुकीच्या जागी पडतो आहे. एका वेळी एक-दोन मिलिमीटरच कापायचं. काळ्या नखात कापलेल्या तोंडाशी मधोमध गडद ओलसर ठिपका दिसला की थांबायचं, त्याच्या मागेच रक्तवाहिनी असते. लागलंच तर कॉर्नफ्लोअर चिमटीत घेऊन दोन-तीन मिनिटं दाबून धरायचं.

अंथरुणाला तीन-चार इंच जाडीचा घट्ट फोम लागतो. घडी केलेली गोधडी महिन्याभरात चपटी होते आणि कोपर थेट फरशीला टेकतं. अंथरूण वर्दळीच्या वाटेत नको, आणि त्याच्यापुढे मुलाला ओलांडता न येणारं छोटं फाटक हवं. "भूभू झोपला की हात लावायचा नाही" हा नियम चार-पाच वर्षांच्या मुलाला हळूहळू जमतो. दोन वर्षांच्या मुलाकडून तशी अपेक्षा करणं म्हणजे आपलं काम त्याच्यावर ढकलणं. त्या वयात फाटक किंवा मध्ये बसलेला मोठा माणूस, एवढे दोनच उपाय. सोफ्यावर मोबाइल बघत बसलेला माणूस यात मोजायचा नाही.

मुलांना कुत्र्याचा चेहरा वाचता येत नाही हेही लक्षात घ्यायला हवं. ब्रिटनच्या लिंकन विद्यापीठातल्या अभ्यासांत लहान मुलांनी दात विचकलेल्या कुत्र्याला "हसतोय" म्हटलं. दात दिसले म्हणजे हसू, हे माणसांच्या चेहऱ्यावरून शिकलेलं असतं. मग मूल आणखी जवळ जातं, आणि उंची अशी की त्याचा चेहरा कुत्र्याच्या तोंडासमोर येतो. लहान मुलांना चावे बहुधा चेहऱ्या-मानेवर होतात, आणि कुत्रा बहुधा ओळखीचाच असतो. चार वर्षांच्या पुढच्या मुलाला एक खेळ शिकवता येतो. कुत्रा जागा आणि उभा असताना छातीवर तीनदा हात फिरवायचा, मग हात मागे घ्यायचा. कुत्रा स्वतःहून पुढे झुकला तर पुन्हा तीनदा. तोंड फिरवलं, नाक चाटलं किंवा नुसता तसाच उभा राहिला तर खेळ संपला.

डोळ्यांबद्दल थोडक्यात. सात-आठ वर्षांनंतर बुबुळात दिसणारी निळसर धुरकट झाक म्हणजे बहुधा भिंग दाट होत गेल्याची खूण; त्यातून कुत्र्याला बऱ्यापैकी दिसतं. मोतीबिंदू पांढरट, अपारदर्शक असतो आणि मधुमेहात झपाट्यानं वाढतो. फरक पशुवैद्यच सांगेल. दोन्हींत मंद उजेडात अडचण होते, म्हणून पॅसेजमध्ये रात्रीचा दिवा ठेवा. खेळणी फरशीवरून उचलणं मात्र रोजच रात्री आलं.

दुखण्यावर घरातली गोळी द्यायची नाही. मुलाचं तापाचं सरबत फ्रिजच्या दारात हाताशी असतं आणि वजनाच्या हिशोबानं "थोडंसं" देण्याचा मोह होतो. पॅरासिटामॉलनं कुत्र्याच्या यकृताला आणि तांबड्या पेशींना इजा होऊ शकते, आयबुप्रोफेननं जठरात अल्सर होतात आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामकं आहेत. ती दीर्घकाळ चालणार असतील तर आधी आणि अधूनमधून रक्ततपासणी करावी लागते.

सांध्यांवरचं सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे वजन कमी ठेवणं, आणि नेमकं तिथेच मूल आडवं येतं. एका अमेरिकी प्रयोगात ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला आयुष्यभर दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे कुत्रे जिथवर जगले ते वय, १३ वर्षं निघालं, दुसऱ्यांचं ११.२. आता घरातला हिशोब करू. २८ किलोच्या, फारसं न हिंडणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण १०००–१२०० कॅलरी पुरतात. ग्लुकोजचं एक छोटं बिस्किट वीसेक कॅलरींचं असतं. मुलानं उंच खुर्चीतून दिवसभरात दहा टाकली, तर कुत्र्याच्या रोजच्या गरजेचा जवळजवळ पाचवा भाग झाला. जेवण मोजून देऊनही वजन का वाढतंय, याचं उत्तर अनेकदा त्या खुर्चीखाली सापडतं. मूल जेवत असताना कुत्रा फाटकापलीकडे, खालची फरशी पुसली की मोकळा.

काही पदार्थ तर एका खेपेतच घात करतात. चॉकलेट आणि साखरेऐवजी वापरलं जाणारं झायलिटॉल बऱ्याच जणांना ठाऊक असतं. द्राक्षं, मनुका आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात हे मात्र शिऱ्यातला बेदाणा वेचून देताना आठवत नाही. यामागे टार्टारिक आम्ल असावं, असा अंदाज अमेरिकेतल्या विषबाधा केंद्राच्या पशुवैद्यांनी २०२१ मध्ये मांडला. क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरतात ती आंबट पूड) आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तसाच त्रास दिसला, त्यावरून हा धागा लागला. तेव्हा मुलाच्या हातातली चिंचेची गोळी कुत्र्यापर्यंत जाऊ देऊ नका. कांदा-लसणानं तांबड्या पेशी फुटतात, म्हणून आमटीत कालवलेला भातही नको.

रात्रीचा प्रश्न वेगळा. मूल रात्री उठायचं थांबतं आणि कुत्रा उठायला लागतो. येरझाऱ्या घालतो, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, दाराच्या बिजागरीच्या बाजूला थांबून दार उघडायची वाट पाहतो. हा मेंदूचा ऱ्हास असू शकतो, माणसाच्या अल्झायमरशी मिळताजुळता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या एका पाहणीत ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्के आणि १५-१६ वर्षांच्या कुत्र्यांपैकी ६८ टक्के कुत्र्यांत याचं एक तरी लक्षण आढळलं. मूल खाली गादीवर झोपत असेल तर अशा कुत्र्याची रात्रीची जागा दुसऱ्या खोलीत हवी. अंधारात वाट चुकून तो मुलाच्या अंगावर पाय देतो, मूल किंचाळतं, आणि दोघंही घाबरलेले.

पण घरात शू केली की लगेच मेंदूवर खापर फोडू नका, आधी पाणी मोजा. सकाळी मापानं भांडं भरायचं, २४ तासांनी उरलेलं मोजायचं, बादली-टबाची झाकणं लावायची. दर किलो वजनामागे ५०–६० मिलिलिटर ठीक. १०० च्या वर, म्हणजे २८ किलोच्या कुत्र्यानं २.८ लिटरहून जास्त प्यायलं, तर मूत्रपिंड, मधुमेह, कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार) या दिशेनं तपासण्या होतात. नसबंदी न झालेली कुत्री माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत असं भसाभसा पाणी प्यायला लागली तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तिथे तासांचा प्रश्न असतो.

चावा किंवा दाताचा ओरखडा झालाच, तर कुत्रा घरचा आणि लस घेतलेला असला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून, कारण रडणाऱ्या मुलाला धरून दोन मिनिटंही पंधरा वाटतात. हळद, चुना, मिरचीपूड काही लावायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, कुत्र्याचं लसीचं कार्ड बरोबर न्यायचं आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं.

सात-आठ वर्षांचं मोठं भावंड असेल तर त्याला एक खरं काम देता येतं. कुत्रा गाढ झोपलेला असताना दोन-तीन फुटांवर बसून त्याच्या छातीकडे पाहायचं. छाती वर गेली आणि खाली आली की एक. तीस सेकंद मोजायचं, दुप्पट करायचं आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहायचा. पाय झटकत स्वप्न पाहत असेल किंवा उकाड्यानं धापा टाकत असेल तर ती मोजणी सोडून द्यायची. निरोगी झोपेत आकडा मिनिटाला ३० च्या खाली राहतो. हृदय थकून फुप्फुसात पाणी साठायला लागलं की खोकल्याच्याही आधी हा आकडा चढू शकतो. लागोपाठच्या दोन-तीन मोजण्यांत ३० च्या वर गेला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्याला फोन करायचा आणि कॅलेंडरचं ते पान सोबत न्यायचं.